लहान तटस्थ देश मोठ्या युद्धात ओढले जातात ते नेमके कसे?

कडेपठार

९ एप्रिल १९४०ला डेन्मार्क आणि नॉर्वे. १० मे १९४०ला हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग. महिनाभरात पाच तटस्थ देशांत जर्मन सैन्य घुसलं. यातल्या एकानेही कुणाची कुरापत काढली नव्हती. त्याच १० मेला आणखी एक तटस्थ देश गेला, आइसलँड. पण तो घेतला ब्रिटनने. पुढच्या वर्षी इराणवर ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया दोन बाजूंनी चालून गेले. म्हणजे ‘हिटलर आक्रमक होता’ एवढ्यावर विषय संपत नाही. शाळेत मात्र तो तेवढ्यावरच संपवला जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान देश तटस्थ राहणार की नाही हे त्याच्या वागणुकीवर फारसं अवलंबून नसतं. त्याच्या जमिनीवरून काय जातं, खाली काय आहे आणि त्याचं बंदर कुठे उघडतं, यावर ते ठरतं. रस्ता रुंदीकरणात कोपऱ्यावरचं घर जातं तसंच हे. घरमालक सज्जन आहे की भांडकुदळ, हे नकाशा आखणारा विचारत नाही.

बेल्जियमचं १९१४चं प्रकरण यासाठी नीट बघण्यासारखं आहे. १८३९च्या लंडन कराराने बड्या राष्ट्रांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली होती. त्यात प्रशियाची सही होती. पण जर्मनीच्या युद्धयोजनेत फ्रान्सवर झटपट मात करायची होती आणि फ्रान्सची जर्मनीला लागून असलेली सरहद्द किल्ल्यांनी भरलेली होती. उत्तरेकडची वाट बेल्जियममधून जात होती. २ ऑगस्टला संध्याकाळी ब्रसेल्समध्ये खलिता पोचला: आमचं सैन्य जाऊ द्या, बारा तासांत उत्तर द्या. बेल्जियमने नकार दिला. ४ ऑगस्टला आक्रमण झालं. त्याच महिन्यात लूव्हेनचं विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं गेलं, शेकडो वर्षं जपलेल्या हस्तलिखितांसकट.

बेल्जियमने यात चूक कुठे केली? मला तरी सापडत नाही. म्हणून प्रश्न असा: लहान देशाच्या हातात नेमकं काय असतं? माहितगारांनी उदाहरणं द्यावीत. आजच्या पक्षीय राजकारणावर कृपया जाऊ नये.

झुळूक

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

ट्यूलिप

बेल्जियमच्या गोष्टीला जोडूनच हॉलंडची गोष्ट आहे. मी आइंडहोवनजवळ राहते, त्यामुळे इथल्या लोकांकडून बरंच ऐकलंय.

मूळ जर्मन योजनेत हॉलंडच्या दक्षिण टोकातूनही सैन्य न्यायचं होतं. जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेने तो भाग वगळला. ब्रिटनने समुद्रात नाकेबंदी केली तर तटस्थ हॉलंडच्या बंदरांतून जर्मनीला माल मिळत राहील, हॉलंड ही आपली श्वासनलिका आहे, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे एका शेजाऱ्याला रस्ता म्हणून तुडवलं आणि दुसऱ्याला दरवाजा म्हणून राखून ठेवलं. कडेपठार, तुमच्या म्हणण्यात एवढी भर घालते की तटस्थता टिकते ती तुम्ही तटस्थ असण्याचा भांडणाऱ्यांना उपयोग असतो तोवर.

हॉलंड ‘वाचलं’ म्हणजे लोक सुखात राहिले असं मात्र नाही. १९१४च्या शरद ऋतूत सुमारे दहा लाख बेल्जियन निर्वासित इथे आले. जर्मनांनी बेल्जियम-हॉलंड सरहद्दीवर विजेच्या तारांचं कुंपण घातलं. त्याला हात लागून किती तरी माणसं मेली, त्यात दोन्हीकडचे गावकरी होते. इकडे ब्रिटिश म्हणायचे, तुमचा माल जर्मनीला जातो, म्हणून आम्ही तुमची जहाजं तपासणार. १९१८मध्ये तर अमेरिका आणि ब्रिटनने त्यांच्या बंदरांत उभी असलेली डच जहाजं सरळ ताब्यात घेतली.

एक गंमत सांगते. इथून जवळ बार्ले नावाचं गाव आहे. त्यात बेल्जियमचे तुकडे हॉलंडच्या पोटात विखुरलेले आहेत. काही घरांच्या उंबऱ्यावरून सरहद्द जाते. जवळजवळ सगळा बेल्जियम जर्मनांच्या टाचेखाली असताना हे तुकडे मोकळे राहिले, कारण तिथे पोचायला हॉलंड ओलांडावं लागलं असतं. १९१५मध्ये त्या मोकळ्या तुकड्यात बेल्जियमने बिनतारी संदेशाचं केंद्र उभारलं. मग डच सरकारने आपली तटस्थता सांभाळायला त्याच्याभोवती कुंपण घातलं.

बोरीबंदर

@ट्यूलिप, बार्ले भारीच! अशा गावात नळाचं पाणी कुठल्या नगरपालिकेचं आणि घरपट्टी कुणाला, यावरच पहिलं युद्ध व्हायला हवं होतं.

ट्यूलिप

घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात, त्या देशाचं घर! त्यामुळे तिथे लोकांनी दरवाजे हलवल्याचे किस्से सांगतात.

निवडुंग

कडेपठार यांच्या मताशी असहमत. सगळं भूगोलावर ढकललं की राज्यकर्त्यांची जबाबदारीच उरत नाही. स्वित्झर्लंड बघा. युरोपच्या मधोमध, दोन्हीकडे धुरी राष्ट्रं (जर्मनी आणि इटली), आल्प्समधून जाणारे गोटहार्ड आणि सिंप्लॉनचे रेल्वे बोगदे. रस्ता म्हणून याहून मोक्याची जागा कुठली? तरी वाचले, कारण तयारी होती. सप्टेंबर १९३९मध्ये चार लाखांहून जास्त माणसं शस्त्र घेऊन उभी केली, तीही जेमतेम बेचाळीस लाखांच्या देशात. फ्रान्स पडल्यावर स्विस सेनापती जनरल गीझाँने २५ जुलै १९४०ला र्‍यूटलीच्या कुरणात सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावलं आणि सांगितलं, सपाटीवरची शहरं राखता आली नाहीत तर डोंगरात जाऊन लढायचं. बोगद्यांत सुरुंग पेरून ठेवले. घेणाऱ्याला किंमत परवडली नाही.

नॉर्वे आणि डेन्मार्कने संरक्षणावर खर्चच केला नव्हता. ‘आपल्याला कोण विचारतंय’ ही वृत्ती नडली.

मोहोर

निवडुंग, अर्धंच सांगितलंत. १९४०मध्ये बेल्जियमकडेही सैन्य होतं, सहा लाखांच्या आसपास. एबन-एमाएलसारखा किल्ला होता. ग्लायडरमधून छतावर उतरलेल्या ऐंशीएक जर्मन सैनिकांनी तो जवळजवळ एका दिवसात निकामी केला. अठरा दिवसांत बेल्जियम शरण गेला. फौज असून उपयोग काय झाला?

स्वित्झर्लंड वाचला त्यात सुरुंगांचा वाटा आहे, मान्य. पण त्याच बोगद्यांतून जर्मनीचा कोळसा इटलीला रोज जात होता. स्विस बँका जर्मनीकडून सोनं घेऊन फ्रँक देत होत्या आणि त्यातलं बरंचसं सोनं लुटलेलं होतं, बेल्जियमच्या मध्यवर्ती बँकेचंही. स्विस कारखान्यांतून मालही जात होता. सरहद्दीवरून हजारो ज्यू निर्वासितांना परत पाठवलं, हे सगळ्यात क्लेशदायक. सैन्य, सौदा आणि हे, तिन्ही मिळून तो देश वाचला. त्यातलं फक्त सैन्य आठवायचं हे योग्य नाही.

युद्धाची झळ तरीही बसलीच. १ एप्रिल १९४४ला अमेरिकी विमानांनी वाट चुकून शाफहाउझेनवर बॉम्ब टाकले, ४० माणसं गेली. आयात बंद झाल्यावर धान्यासाठी मोकळी जागा मिळेल तिथे नांगर चालवला. झुरिकमध्ये ऑपेराच्या समोरच्या चौकात बटाटे लावले होते!

बोरीबंदर

आपल्याकडे चौकात बटाटे लावले असते तर काढणीच्या आधी बाजूला वड्याची गाडी लागली असती.

उत्तरध्रुव

निवडुंग यांनी नॉर्वेबद्दल लिहिलंय म्हणून सविस्तर लिहितो. कामानिमित्त बरीच वर्षं ऑस्लोत आहे.

जर्मनीच्या पोलादाला स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज लागायचं. उन्हाळ्यात ते बाल्टिकमार्गे लुलेओ बंदरातून जायचं. हिवाळ्यात तिकडचं पाणी गोठतं. मग रेल्वेने डोंगर ओलांडून नॉर्वेच्या नार्विक बंदरात यायचं. नार्विक उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे, पण गरम सागरी प्रवाहामुळे तिथलं पाणी गोठत नाही. तिथून जहाजं नॉर्वेचा किनारा धरून, नॉर्वेच्या हद्दीतल्या तटस्थ पाण्यातून सुखरूप जर्मनीला. म्हणजे नॉर्वेची तटस्थता जर्मनीच्या कामाची होती आणि ब्रिटनला नेमकी तीच खुपत होती.

फेब्रुवारी १९४०मध्ये आल्टमार्क नावाचं जर्मन जहाज नॉर्वेच्या पाण्यातून जात होतं. त्यात सुमारे ३०० ब्रिटिश खलाशी कैदेत होते. नॉर्वेच्या नौदलाने वरवर तपासणी करून जाऊ दिलं. १६ फेब्रुवारीच्या रात्री ब्रिटिश विनाशिका योसिंगफ्योर्डमध्ये घुसली आणि कैदी सोडवून घेऊन गेली. नॉर्वेने निषेध नोंदवला. जर्मनीने यातून अर्थ काढला की नॉर्वे ब्रिटनला अडवू शकत नाही. ब्रिटनने काढला की तो जर्मनीला अडवत नाही. दोघांच्याही मेजांवर नॉर्वेचे नकाशे उघडलेले होतेच. ८ एप्रिलच्या पहाटे ब्रिटिश जहाजांनी नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरले आणि ऑस्लोत सरकार त्या निषेधाचा मसुदा करत असताना जर्मन जहाजं आधीच निघालेली होती.

आता ‘तयारी नव्हती’बद्दल. ऑस्लोच्या खाडीत ऑस्करबोर्ग किल्ला आहे. ड्रोबाकहून होडीने जाता येतं, मी घरच्यांना घेऊन गेलोय. तीन तोफा अजून जागेवर आहेत. २८ सेंटिमीटरच्या, १८९३मध्ये बसवलेल्या, जर्मनीच्या क्रुप कारखान्यात बनवलेल्या. त्यांना मोझेस, आरोन आणि योसुआ अशी बायबलातली नावं आहेत. त्या रात्री तोफांवर पुरेशी माणसं नव्हती, नवखे भरती झालेले पोरगे आणि स्वयंपाकी यांना उभं केलं. किल्लेदार कर्नल बिर्गेर एरिकसन निवृत्तीला आलेला. अंधारात समोर येणारं जहाज कुणाचं हे माहीत नाही, वरून हुकूम नाही. त्याने गोळी चालवायला सांगितली. मोठ्या तोफांचे दोनच गोळे गेले, दोन्ही लागले. मग पाण्याखालच्या तळावरून चाळीसएक वर्षं जुने टॉर्पेडो सोडले. ब्ल्यूशर ही नवीकोरी जर्मन युद्धनौका सकाळी बुडाली. राजधानी ताब्यात घ्यायची माणसं तिच्यावरच होती.

त्या काही तासांत राजा, संसद आणि मध्यवर्ती बँकेचं सुमारे ५० टन सोनं ऑस्लोतून बाहेर पडलं. सोनं रेल्वेने, ट्रकने, शेवटी मासेमारीच्या होड्यांतून उत्तरेला आणि तिथून ब्रिटनला गेलं. हिटलरधार्जिण्या क्विस्लिंगला पंतप्रधान करा ही जर्मनांची मागणी राजा होकोन सातवा याने धुडकावली. किनाऱ्यावरच्या तोफा नॉर्वेला वाचवू शकल्या नाहीत, पण त्यांच्यामुळे एक कायदेशीर सरकार जिवंत राहिलं. कडेपठार, तुमच्या ‘हातात काय असतं’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

सांजवात

दंडवत! दोन गोळे आणि दोन्ही लागले, अंगावर काटा आला.

वास्कोकर

या विषयात गोवा कसा सुटला अजून? तटस्थ देशाच्या बंदरातली लढाई आमच्या मुरगावातच झालीय.

पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजं मुरगावच्या आसऱ्याला आली. नंतर अँफोरा हे इटालियन जहाजही आलं. बाहेर पडलं की ब्रिटिश पकडणार, म्हणून तिथेच नांगर टाकून बसली. खलाशांची वर्षं गावातच गेली.

हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि एरेनफेल्सवर चोरून ठेवलेल्या बिनतारी यंत्रातून त्यांना खबरा जातात अशी ब्रिटिशांची खात्री होती. तटस्थ बंदरात नौदल पाठवलं तर पोर्तुगाल बिथरायचा. म्हणून कोलकात्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले लोक निवडले. मळेवाले, तागाचे व्यापारी, कचेऱ्यांतले साहेब, बरेच वयाने उतरणीला लागलेले. फीबी नावाची गाळ वाहणारी संथ बोट कोलकात्याहून लंकेला वळसा घालून निघाली, बरेचजण रेल्वेने कोचीनला जाऊन तिच्यावर चढले. ९ मार्च १९४३च्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले. त्या रात्री जास्तीत जास्त खलाशी किनाऱ्यावर असावेत म्हणून गावात मौजमजेची सोय पैसे चारून आधीच केलेली होती. जहाजाचा कप्तान मारला गेला. जर्मन खलाशांनी व्हॉल्व्ह उघडून जहाज बुडवायला घेतलं, ते बघून बाकीच्या जहाजांनीही स्वतःला आगी लावल्या.

आमच्या घरात ही गोष्ट ‘बोटी पेटल्या ती रात’ अशीच सांगितली जायची. कोणी पेटवल्या, का पेटवल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रिटिशांनी अनेक वर्षं ते गुपित ठेवलं. पोर्तुगीज सरकारनेही फार खोलात जायचं टाळलं, कारण खोलात गेलं की काहीतरी करावं लागलं असतं. मला वाटतं तटस्थ देशाला हेही जमावं लागतं, घरात घडलेलं न बघणं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच मुरगावात वेगळाच प्रसंग घडला. जपानचं तेइया मारू आणि अमेरिकेने पाठवलेलं ग्रिप्सहोम ही दोन जहाजं समोरासमोर लागली आणि एकमेकांकडे अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली, प्रत्येक बाजूचे सुमारे दीड हजार. एका जहाजातली माणसं रांगेने दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली पहिल्यात. युद्ध चालू असताना हे फक्त तटस्थ बंदरात होऊ शकत होतं. युद्धात तटस्थ जागेचा असाही उपयोग होतो, हे नोंदवलं पाहिजे.

गणिती

वास्कोकर, सुंदर प्रतिसाद. एक योगायोग: पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल आधी तटस्थच होता. ब्रिटनला मालवाहू जहाजांची चणचण होती, त्याच्या सांगण्यावरून पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६मध्ये आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं जप्त केली. त्यावर जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं, तारीख ९ मार्च १९१६. पुढे हजारो पोर्तुगीज सैनिक फ्रान्सच्या खंदकांत गेले. मुरगावचा हल्ला बरोबर सत्तावीस वर्षांनी, त्याच तारखेला.

कडेपठार

पोर्तुगालचा विषय निघालाच आहे तर तिमोर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं बेट. मुरगावात जहाजं गेली, तिमोरात माणसं गेली.

पोर्तुगीज तिमोरही तटस्थ होतं. जपानने युद्ध सुरू केल्यावर दहाच दिवसांत, १७ डिसेंबर १९४१ला, डच आणि ऑस्ट्रेलियन सैन्य तिथल्या दिली या राजधानीत उतरलं. सबब अशी की आम्ही नाही आलो तर जपानी येतील. पोर्तुगीज गव्हर्नरने निषेध केला, अडवायला त्याच्याकडे फौजच नव्हती. २० फेब्रुवारी १९४२ला जपानी आले. ऑस्ट्रेलियन तुकड्या डोंगरात शिरून लढत राहिल्या, गावकऱ्यांनी त्यांना खायला दिलं, वाटा दाखवल्या, सामान वाहिलं. वर्षभराने ऑस्ट्रेलियन निघून गेले, गावकरी तिथेच राहिले. युद्ध संपेपर्यंत ४० ते ७० हजार तिमोरी मेले असं मानतात. बहुतेक उपासमारीने आणि सूडाने. एवढ्याशा बेटाच्या मानाने हा आकडा भयंकर आहे आणि त्या माणसांना तटस्थतेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. निर्णय लिस्बनमध्ये व्हायचे.

‘आम्ही नाही घेतलं तर तो घेईल.’ आइसलँड, तिमोर, नॉर्वे, तिन्ही ठिकाणी हेच वाक्य. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण इथे ओल्याला आधी पेटवलं.

कडूलिंब

धागा चांगला चाललाय पण आपलं काय? ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी त्यावरून राजीनामे दिले. पहिल्या महायुद्धात तर बेल्जियमच्या तटस्थतेसाठी म्हणून ब्रिटन उतरला आणि ऑक्टोबर १९१४मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात उभे राहिले आपले लोक. २८ ऑक्टोबरला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. सुरुंग-पूल बांधणाऱ्या माणसांना संगिनी देऊन पुढे पाठवलं, अधिकारी जवळजवळ सगळे पडले.

निवडुंग

कडूलिंब, मुद्दा मोलाचा आहे, पण भारत तटस्थ नव्हता, परतंत्र होता. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

कडूलिंब

तिमोरला लागू होतं ते आपल्याला का नाही? तिथेही निर्णय दुसऱ्याचाच होता. असो, थांबतो.

बोरीबंदर

इराणबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, त्यात मुंबई येते.

रेझा शाहने १९३९मध्येच तटस्थता जाहीर केली होती. जून १९४१मध्ये जर्मनी रशियावर चालून गेला आणि इराणचा भाव एका रात्रीत बदलला. आबादानचं तेल ब्रिटनला हवंच होतं, आता रशियाला रसद पोचवायला पर्शियन आखातापासून कॅस्पियनपर्यंतची रेल्वेही हवी झाली. ती रेल्वे शाहने हौसेने, साखर आणि चहावर कर लावून बांधली होती. तीच त्याच्या मुळावर आली. सबब पुढे केली ती इराणमधल्या जर्मन तंत्रज्ञांची. २५ ऑगस्ट १९४१ला उत्तरेकडून रशियन आणि दक्षिण-पश्चिमेकडून ब्रिटिश. या ‘ब्रिटिश’ सैन्यात मोठा भाग भारतीय पलटणींचा होता. काही दिवसांतच प्रतिकार संपला, १६ सप्टेंबरला शाहने गादी सोडली.

त्याला घेऊन निघालेलं जहाज मुंबईच्या बंदराबाहेर येऊन थांबलं. इथे उतरून पुढे जाऊ अशी त्याची समजूत होती. कुटुंबासकट त्याला उतरू दिलं नाही, तिथूनच मॉरिशसला धाडलं. पुढे जोहान्सबर्गमध्ये तो १९४४ला वारला. इराणमध्ये १९४२-४३ला अन्नाचा तुटवडा, टायफस, तेहरानात पावासाठी दंगली. गाड्या रसद वाहत होत्या, धान्य वाहायला गाड्या नव्हत्या.

अवांतर: रशियातून सुटलेले पोलिश निर्वासितही याच इराणमार्गे बाहेर पडले. त्यातले सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले. कोल्हापूरकर माहिती देतील.

सांजवात

माझं माहेर गांधीनगर-वळिवड्याकडचं. पोलंडची म्हातारी माणसं आणि त्यांची मुलंनातवंडं अजूनही आपली जुनी जागा बघायला येतात, गावात त्यांचं अगत्याने करतात. पण ते इराणमधून आले हे आजच कळलं. आईला सांगते.

फिरस्ती

सगळे महायुद्धांत अडकलेत. मला यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण लाओसचं वाटतं.

जुलै १९६२मध्ये जिनिव्हात चौदा देशांनी सह्या करून लाओसची तटस्थता मान्य केली, भारतही त्यात होता. देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपदही भारताकडे होतं. करारात लिहिलं होतं, परकी सैन्य बाहेर जाईल. उत्तर व्हिएतनामने सैन्य ठेवलंच, कारण दक्षिणेकडे रसद न्यायची हो ची मिन्ह वाट लाओसच्या जंगलातून जात होती. अमेरिकेने उघड फौज न आणता गुप्तपणे लाओसच्या डोंगरांतल्या माँग टोळ्यांना शस्त्रं दिली आणि १९६४ ते १९७३ वरून बॉम्ब टाकले. वीस लाख टनांहून जास्त. दरडोई बघितलं तर जगात एवढे बॉम्ब कुठल्याच देशावर पडलेले नाहीत. दोन्ही बाजू जगाला सांगत होत्या की लाओस तटस्थ आहे.

शियेंग ख्वांग प्रांतात गेले होते. घरांचे खांब म्हणून बॉम्बची कवचं उभी आहेत, त्यात कांद्याची पात लावलेली. बान नापिया गावात एक बाई अंगणातल्या भट्टीत बॉम्बचं ॲल्युमिनियम वितळवून लाकूड-राखेच्या साच्यात ओतत होती. मिनिटभरात चमचा तयार. मी घेतला, वजनाला इतका हलका की हातात कळत नाही. तिच्या शेजाऱ्याचा एक हात मनगटापासून नव्हता, शेतात खणताना गेला. क्लस्टर बॉम्बमधल्या सुमारे २७ कोटी गोळ्यांपैकी आठेक कोटी फुटल्याच नाहीत, त्या अजून मातीत आहेत. युद्ध संपल्यावरही मेलेले आणि जखमी झालेले धरले तर आकडा वीस हजारांवर जातो, त्यात पोरं फार. त्यांना ती गोळी चेंडूसारखी दिसते.

निवडुंग, लाओसने आणखी किती तयारी करायला हवी होती?

निवडुंग

फिरस्ती, लाओसकडे काही पर्याय होता असं मी म्हणणार नाही. देशातच तीन गट तीन दिशांना ओढत होते. पण माझा मुद्दा यातूनच पुढे नेतो. आतून फूट असली की बाहेरच्याला बोलवायला घरातलाच माणूस मिळतो. कंबोडियात राज्यप्रमुख सिहानुकने कसरत करत तटस्थता सांभाळली. १९६९पासून अमेरिकी बॉम्ब गुपचूप पडत होते तरी देश उभा होता. मार्च १९७०मध्ये त्याचाच पंतप्रधान लोन नोलने त्याला हटवलं आणि दीड महिन्यात देश उघड युद्धात गेला. स्वित्झर्लंडमध्ये भाषा चार, पण असा फितूर गट सत्तेजवळ पोचू दिला नाही. हे तर देशाच्या हातात असतं ना?

मोहोर

हा मुद्दा मला पटतो. फक्त हातात असलेल्या गोष्टींची किंमत कोण मोजतं तेही बघा. स्वीडनने जून १९४१मध्ये जर्मनीची आख्खी डिव्हिजन आपल्या रेल्वेने नॉर्वेतून फिनलंडकडे जाऊ दिली. १९४३च्या ऑगस्टपर्यंत सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्या जर्मन सैनिकांच्या गाड्या स्वीडनमधून धावत होत्या. स्वीडन वाचला आणि त्याची किंमत नॉर्वेने मोजली. याला मी शहाणपण म्हणायला तयार नाही.

हिमगौरी

आइसलँडचं मी सांगते, मुलगी तिथे शिकते म्हणून जाणं होतं.

१० मेच्या पहाटे ब्रिटिश जहाजं रेक्याविकला लागली तेव्हा धक्क्यावर बघ्यांची गर्दी जमली. सैनिकांना उतरायला जागा मिळावी म्हणून आइसलँडच्या पोलिसांनी लोकांना मागे सारलं. तिथे जर्मन वाणिज्यदूत गेरलाख घरात न्हाणीघराच्या टबात कागदपत्रं जाळत सापडला. सरकारने निषेध नोंदवला आणि त्याच दिवशी लोकांना सांगितलं की आलेल्यांना पाहुण्यांसारखं वागवा. जेमतेम सव्वा लाख वस्ती, सैन्य नाहीच. मंदीत कामं नव्हती, ब्रिटिशांनी रस्ते आणि धावपट्ट्या बांधायला घेतल्या, सगळ्यांच्या हाताला काम मिळालं. पण सैनिकांबरोबर दिसलेल्या मुलींवर सरकारने पाळत ठेवली, काहींना शहरापासून लांब डांबलं. त्याबद्दल आजी-पणजींच्या घरांत अजून बोलत नाहीत.

एक गोष्ट मला फार आवडते. १९४५च्या सुरुवातीला सांगितलं गेलं की १ मार्चपर्यंत जर्मनी-जपानविरुद्ध युद्ध पुकारा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेत जागा मिळेल. आइसलँडने नकार दिला. आम्ही युद्ध पुकारणार नाही म्हणाले. त्यांचे मच्छीमार आणि खलाशी पाणबुड्यांनी मारले होते, देशात परकी फौज होती आणि तरीही. १९४६च्या नोव्हेंबरात सभासद झाले.

उत्तरध्रुव

@मोहोर, स्वीडनच्या गाड्यांचा राग इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. पण सरहद्द ओलांडून गेलेल्या सुमारे ५० हजार नॉर्वेजियन लोकांना त्याच स्वीडनने ठेवून घेतलं. ऑक्टोबर १९४३मध्ये डेन्मार्कचे सात हजारांवर ज्यू रात्री होड्यांतून तिकडे पोचले आणि वाचले. स्वीडन युद्धात पडून जर्मनीने घेतला असता तर ही माणसं कुठे गेली असती? मलाही त्या गाड्यांची चीड आहे. पण उत्तर सरळ नाही.

आणि नॉर्वेने मोजलेल्या किमतीत समुद्र धरायलाच हवा. पहिल्या महायुद्धात नॉर्वे शेवटपर्यंत तटस्थ होता, तरी त्याचे सुमारे दोन हजार खलाशी पाणबुड्या आणि सुरुंगांनी मारले, कारण व्यापारी जहाजं ब्रिटनला माल नेत होती. दुसऱ्या युद्धात सरकार लंडनला गेल्यावर हजारभर जहाजं त्याच्या हुकमाखाली चालू राहिली, तेव्हा तीन हजारांहून जास्त गेले.

झुळूक

सगळे प्रतिसाद वाचले, खूप नवीन कळलं. आयर्लंडचं काय झालं? ब्रिटनला एवढं चिकटून असूनही ते बाहेर कसे राहिले?

ट्यूलिप

झुळूक, १९३८मध्ये ब्रिटनने आयर्लंडमधली आपल्या ताब्यातली तीन नौदल बंदरं परत केली, तिथे पहिला बचाव झाला. ती ब्रिटनकडेच राहिली असती तर तटस्थता जाहीर करून उपयोग नव्हता. चर्चिलला ती परत हवी होती, आयर्लंडचा पंतप्रधान डी व्हॅलेराने दिली नाहीत. पण उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच असल्याने तिथली बंदरं आणि विमानतळ यांवर ब्रिटनचं भागलं. शिवाय आतून मदत चालू होती: हवामानाची माहिती जायची, डोनेगॉलवरून ब्रिटिश विमानांना वाट दिली होती, पडलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना बऱ्याचदा गुपचूप सरहद्दीपलीकडे सोडायचे. तरी ३१ मे १९४१च्या रात्री जर्मन बॉम्ब डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर पडलेच, २८ माणसं गेली. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने त्याची भरपाई दिली.

कडेपठार

ट्यूलिप, या बंदरांवर वेगळा धागा काढा ना. १९३८ला ब्रिटनने ती सोडली का, हे मला समजून घ्यायचंय.

ट्यूलिप

काढते. शनिवार-रविवार मिळू दे.